चूल, पऱ्हाटी आणि प्रश्नावली

ग्रामीण महिलांची पर्यावरणविषयक जाणीव मोजायची ठरली की संशोधक आधी प्रश्नावली छापून घेतो. ‘झाडे तोडल्यामुळे पाऊस कमी होतो’ : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. ‘मी बाजारात जाताना कापडी पिशवी नेते’ : नेहमी, कधी कधी, कधीच नाही. पहिल्या भागातले गुण म्हणजे ज्ञान, दुसऱ्या भागातले म्हणजे वर्तन. दोन्हींचा सहसंबंध काढला की प्रबंधाचे एक प्रकरण पुरे होते. ओसरीवर बसून उत्तरे देणाऱ्या बाईच्या शेजारी सासू असते, दारात दीर उभा असतो, आणि समोरची ताई शिकलेली, लांबून आलेली. तिचे मन कशाला मोडायचे, म्हणून बहुतेक उत्तरे ‘पूर्ण सहमत’ अशीच येतात. निष्कर्षही मग ठरलेला असतो: जाणीव वाढवा, प्रशिक्षण द्या, वर्तन आपसूक बदलेल.

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर या निष्कर्षाचा शेवटचा तुकडा तपासून घ्यावा असा आहे. इथे कपाशी आहे, केळी आहे, सातपुड्याचे आणि सह्याद्रीचे जंगल आहे, तापी-गिरणा-पांझरेचे पाणी आहे आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपुढे जाणारे ऊनही आहे. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४२ लाख आणि धुळ्याची साडेवीस लाख होती. दोन्हीकडे दोन तृतीयांशाहून अधिक माणसे खेड्यात राहतात. धुळ्यात जवळजवळ एक तृतीयांश लोक आदिवासी, जळगावात साधारण सातातला एक. रावेरच्या केळीपट्ट्यातली मजूर बाई, अमळनेरच्या कोरडवाहू गावातली शेतकरीण आणि साक्रीच्या पश्चिमेकडची कोकणा बाई या तिघींना एकच प्रश्नावली देऊन ‘खानदेशातील ग्रामीण महिला’ अशी सरासरी काढता येते. ती घेऊन करायचे काय, हा प्रश्न उरतो.

माझे म्हणणे आधीच मांडून ठेवलेले बरे. या बायकांना पर्यावरणाचे ज्ञान कमी आहे हे गृहीतकच कच्चे आहे. ज्ञान भरपूर आहे. ज्या वस्तूवर, जमिनीच्या ज्या तुकड्यावर किंवा ज्या पैशावर तिचा शब्द चालतो तिथे ते कृतीत उतरते. जिथे चालत नाही तिथे कितीही शिबिरे घ्या, काही हलत नाही. शिवाय ज्याला आपण पर्यावरणपूरक वर्तन म्हणून गुण देतो त्यातले बरेचसे नाइलाजाने चाललेले असते, आणि चार पैसे हाताशी आले की आधी तेच सुटते.

बाहेरच्या संशोधनाचा कलही फार वेगळा नाही. १९८७ मध्ये हाइन्स, हंगरफोर्ड आणि टोमेरा या अमेरिकी अभ्यासकांनी तोवर झालेले शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्ञान आणि वर्तन यांचा सहसंबंध ०.३० च्या आसपास भरला. संबंध आहे, पण माणसामाणसांच्या वर्तनात जो फरक पडतो त्यातला जेमतेम नऊ-दहा टक्के भाग ज्ञानाच्या खात्यावर टाकता येईल, एवढाच. २००२ मध्ये कोलमस आणि अ‍ॅग्येमन यांनी याच दरीवर लिहिलेला लेख आजही या विषयावरच्या लिखाणात हटकून येतो. आइसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या नियोजित वर्तनाच्या सिद्धान्तात ‘हे करणे माझ्या हातात आहे असे मला वाटते का’ हा एक मुख्य घटक आहे. आपल्या प्रश्नावल्यांत तो असलाच तर शेवटच्या पानावर दोन ओळींत असतो. अहिराणी बोलणारी बाई मात्र तिथूनच सुरुवात करते: ‘माले समदं समजस, पन मना हातमा काय शे?’

चुलीकडे आधी वळू, कारण सर्वांत जास्त माहिती आणि सर्वांत जास्त सरकारी पैसा तिथेच ओतला गेला आहे. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि धुराड्याच्या ‘निर्धूर चुली’ गावोगाव बसल्या. धुराडी काजळीने तुंबली, मातीच्या कडा ढासळल्या, आणि बाईने पुन्हा आपल्या हाताने आपली चूल घातली. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी अशाच चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे फरक दिसेनासा झाला. चूल नीट राखायला वेळ लागतो, आणि तो वेळ बाईच्याच दिवसातून कापायचा असतो. धूर वाईट हे तिला शिकवायची गरज तेव्हाही नव्हती; डोळे तिचेच चुरचुरत होते. कळण्याची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर फुगवायची तर चुलीचे तोंड रुंद लागते. कार्यक्रमाच्या आराखड्यात धुराड्याची उंची होती, भाकरी नव्हती.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि जोडणी बाईच्या नावावर आली. हे पाऊल मोठेच होते. पण उज्ज्वलाच्या लाभार्थी घरांत वर्षाला सरासरी किती सिलिंडर पुन्हा भरले जातात, याचा देशपातळीवरचा सरकारी आकडा २०१९-२० मध्ये तीनच्या आसपास होता आणि २०२३-२४ मध्ये चारच्या जवळ पोचला. पूर्ण स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या घराला आठ-दहा लागतात. उत्तर भारतातल्या चार राज्यांत २०१८ मध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत तीन चतुर्थांश घरांत सिलिंडर सापडला, पण त्यातली फक्त गॅसवर रांधणारी घरे चौथाईच्या आसपास निघाली. २०२२ मध्ये सिलिंडर हजार रुपयांपुढे गेला, म्हणजे निंदणीच्या चार-पाच दिवसांची मजुरी. पुढे उज्ज्वलाला आधी २०० आणि मग ३०० रुपयांचे अनुदान मिळू लागले, आणि २०२४ मध्ये राज्याने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची अन्नपूर्णा योजना आणली. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये बाईच्या खात्यात येऊ लागले. ज्ञान तेच ठेवून हातात पैसा आला तर वर्तन किती बदलते, हे पाहण्याची इतकी चांगली संधी संशोधकांना पुन्हा मिळायची नाही. धुराच्या दुष्परिणामांवरच्या दहा व्याख्यानांपेक्षा ही एक तुलना अधिक सांगेल.

गॅसच्या समोर उभी आहे ती पऱ्हाटी. कपाशीची शेवटची वेचणी झाली की झाडे उपटायची, मोळ्या बांधायच्या आणि घराच्या मागे किंवा खळ्याच्या कडेला त्यांचा उंच ढीग रचायचा. हा ढीग म्हणजे वर्षभराचे सरपण. काडी हलकी, भक्कन पेटते, जाळ मोठा आणि राख थोडी. भाकरीला ती उत्तम. डाळीला मात्र कुचकामी, कारण दर दोन मिनिटांनी काड्या पुढे साराव्या लागतात आणि बाई चुलीपुढून उठू शकत नाही. डाळीला म्हणून तुराट्या किंवा बाभळीचे लाकूड आणि गोवऱ्या. कोणता जाळ कशाला, कोणते लाकूड ठिणग्या उडवते, कोणत्याचा धूर डोळ्यांना झोंबतो, हा सगळा अभ्यास तिला पाठ असतो आणि प्रश्नावलीत त्याला एकही गुण नसतो. भरिताची वांगीही याच काड्यांच्या जाळावर भाजली जातात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गॅसच्या शेगडीवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणायला इथला माणूस आजही तयार नसतो.

आता गुंता पाहा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी पोखरून काढली. तेव्हापासून कृषी विभाग दर वर्षी सांगतो की फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन कपाशी राखू नका, डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळे करा आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर किंवा घराजवळ ठेवू नका. झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या कपाशीवर पतंग होऊन येते. शास्त्र अगदी बरोबर आहे. पण हा सल्ला कृषी सहायकाच्या सभेत पुरुषाला मिळतो आणि ढीग असतो बाईचा. तिला दुसऱ्या एका सभेत, दुसऱ्या खात्याची दुसरी ताई गॅस वापरायला सांगून गेलेली असते. आषाढात अंघोळीच्या पाण्याखाली काय घालायचे, हे दोन्ही खात्यांच्या पत्रकात नाही.

पऱ्हाटीचा भुगा करून ती जमिनीत गाडली तर सेंद्रिय कर्ब वाढतो. ट्रॅक्टरवरचे श्रेडर आणि रोटाव्हेटर त्यासाठीच आले. शेतमालकाने असे केले की त्याच्या खात्यावर पर्यावरणपूरक वर्तन जमा होते. त्याच शेतातली पऱ्हाटी उपटून देण्याच्या बदल्यात घरी नेणारी भूमिहीन बाई त्या वर्षी सरपणासाठी आणखी लांब जाते, कदाचित वनखात्याच्या हद्दीत शिरते आणि पाहणीत ‘वृक्षतोड करणारी’ ठरते. दोन घरांतल्या वर्तनाची अशी साखळी असते, आणि आपले सगळे मोजमाप एकेका उत्तरदात्याभोवती फिरते.

चूल पेटवण्याचेही तसेच. राशनचे रॉकेल बंद झाले तेव्हापासून पेटवण म्हणून वेफरची पाकिटे, दुधाच्या पिशव्या, फाटकी चप्पल असे काहीही चुलीत जाते. प्लास्टिकचा धूर विषारी असतो हे वासावरूनच कळते, त्याला तक्ता लागत नाही. श्रावणातल्या दमट पहाटे ओले सरपण आणि शाळेत जाणारी पोरे समोर असताना दोन रुपयांचे ते चकचकीत पाकीट कामाला येते, एवढेच.

शेतात निर्णय कोणाचा, हे आणखी उघडपणे दिसते. सरकी लावण्यापासून निंदणी आणि वेचणीपर्यंत कपाशीतले बहुतेक हात बायकांचे, फवारणीचा पंप पुरुषाच्या पाठीवर. त्या पंपाचे पाणी बहुधा तीच भरून आणते, फवारलेल्या ओळींत निंदायला तीच शिरते आणि औषधाने भिजलेले कपडे धुतेही तीच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर मास्क, हातमोजे, चष्मे यांचे संच वाटले गेले ते फवारणाऱ्यांसाठी. बियाण्याला चोळलेला रंग बोटांवर घेऊन बांधावर भाकरी खाणारी बाई त्या व्याख्येत बसली नाही.

तिला पर्याय माहीत नाही असेही नाही. मे अखेरीस कडुलिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. पाऊस यायच्या आत त्या वेचायच्या, गर काढून सावलीत वाळवायच्या. पुढे पाच किलो निंबोळ्या कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा घालायचा आणि एकूण शंभर लिटर द्रावण करून त्याच दिवशी फवारायचे. पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क तयार. बचत गटांच्या प्रशिक्षणात हे शंभरदा सांगून झाले आहे आणि बायकांना ते तोंडपाठ आहे. पण वेचणे, वाळवणे, कुटणे, गाळणे हे सारे तिचे काम, तेही पेरणीच्या घाईत. कृषी सेवा केंद्रातली बाटली झाकण फिरवून पंपात ओतता येते, आणि ती उधारीवर मिळते. पैसे कापूस विकल्यावर. उधारीचे खाते नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. कोणती बाटली घ्यायची हे ते दोघे आणि दुकानदार ठरवतात.

याच बाईच्या परसात मात्र वेगळे चित्र दिसते. घरामागच्या वांग्या-मिरचीच्या चार ओळींवर ती राख टाकते, आंबट ताक शिंपडते, निंबोळीचे पाणी मारते. तिथे तिला कोणी विचारत नाही आणि ती घरच्या पोरांच्या ताटातली भाजी असते. ज्ञान तेच, बाई तीच, अंतर पन्नास पावलांचे. परस विषमुक्त आणि शेत विषाने न्हालेले. ज्ञानाने वर्तन घडते का, या प्रश्नाचे यापेक्षा स्वच्छ उत्तर मला तरी कुठल्या कोष्टकात सापडलेले नाही.

शरद जोशींना हे फार आधी दिसले होते. १९९१ मध्ये त्यांनी मांडलेल्या चतुरंग शेतीच्या कार्यक्रमात ‘सीताशेती’ होती: जमिनीचा एक तुकडा बाईच्या हाती द्यायचा आणि तिने तो रसायनांशिवाय, घरच्या बियाण्यावर कसायचा. त्याच सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून द्यावी म्हणून गावे पिंजून काढली गेली. सीताशेतीकडे पुढे चळवळीतल्यांनीही गमतीने पाहिले. मराठवाड्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने जे केले ते मात्र त्याच वाटेने गेले. घरच्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यायचा, त्यात धान्य-भाजीपाला घ्यायचा, बियाणे आणि खत तिनेच ठरवायचे. या कामाला २०१७ चा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहितीधारकांत महिला चौदा टक्क्यांच्या आसपास आहेत. खानदेशात सेंद्रिय शेतीच्या शिबिरात सतरंजीवर बसलेल्या शंभर बायकांपैकी सातबारावर नाव असलेल्या किती, ही मोजणी शिबिर घेणाऱ्यानेच चहाच्या आधी करून टाकावी.

आता साक्री तालुक्यातले बारीपाडा. कोकणा समाजाचे हे छोटे गाव धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत आहे. एकेकाळी उजाड झालेले आजूबाजूचे सुमारे अकराशे एकर जंगल गावाने १९९० च्या दशकापासून राखून परत उभे केले. त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावाचे नियम, राखणदार, दंड यांविषयी बरेच लिहून आले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती तिथली वनभाजी स्पर्धा.

२००४ पासून ही स्पर्धा दर वर्षी होते. बायका जंगलातून आणलेल्या भाज्या शिजवून मांडतात आणि भाजी कुठे मिळते, कोणता भाग खायचा, कशी शिजवायची, कशावर गुणकारी हे परीक्षकांना सांगतात. टाकळा, कुर्डू, तेरा, चाई, बांबूचे कोंब ही त्यातली शहरातही नाव ऐकलेली मंडळी. पण खरी परीक्षा लागते ती कडू किंवा विषारी वनस्पतींत. डोंगरी आदिवासी पट्ट्यात कडूकंदाच्या चकत्या करून त्या राखेच्या पाण्यात उकळतात आणि वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा जाऊ देतात. किती वेळ, हे हाताला आणि जिभेला कळते. एक पायरी चुकली तर घसा धरतो, पोट बिघडते. हे ज्ञान आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे सरपण आणायला जाताजाता गेले. लेक वसतिगृहात शिकायला गेली की मधली कडी तुटते.

स्पर्धेने ती कडी काही प्रमाणात पुन्हा जोडली. ज्या भाजीला गावातच गरिबाचे खाणे म्हणत होते, तिला व्यासपीठ मिळाले, बाहेरचे पाहुणे चव घ्यायला आले, आणि ती ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बाईला मान आला. पण एवढ्याने जंगल राखले जात नाही. बारीपाड्यात बायकांचे ज्ञान कामाला आले, कारण जंगल गावाच्या ताब्यात होते. कोणती वेल तोडू नये, कोंब किती काढावेत, हे सांगितले तर ऐकणारी व्यवस्था तिथे होती. हेच ज्ञान असलेली बाई दुसऱ्या गावात वनरक्षकाला पाहून मोळी टाकून पळते. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत आणि न मिळालेल्या गावांत बायकांचे जंगलातले वागणे कसे बदलले, हा अभ्यास सातपुड्याच्या पायथ्याला, यावल अभयारण्याच्या परिसरात आणि साक्रीत, सहज करता येईल. तिथे ज्ञान समान आहे आणि हक्क कमी-जास्त आहेत.

‘बाई म्हणजे निसर्गाची जन्मजात राखणदार’ हे म्हणणे वंदना शिवा यांच्या १९८८ च्या पुस्तकानंतर फार लोकप्रिय झाले. १९९२ मध्ये बीना अगरवाल यांनी त्याला उत्तर दिले: बाईचे निसर्गाशी नाते तिच्या बाईपणातून येत नाही, ते तिच्या कामातून आणि मालमत्तेच्या वाटणीतून येते. पुढे २०१० मध्ये त्यांनी भारत आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यकारिणीत बायकांची संख्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश झाली की त्यांचे बोलणे ऐकले जाऊ लागते आणि जंगलाची स्थितीही सुधारते, असे त्यात दिसले. खानदेशात बाईच्या उपजत शहाणपणाचा विषय निघाला की बहिणाबाई चौधरींचे नाव घेतल्याशिवाय वक्ता खाली बसत नाही. बहिणाबाई असोद्याच्या आणि जळगावच्या शेतात आयुष्यभर राबलेल्या, अक्षरओळख नसलेल्या कवयित्री; त्यांच्या नावाचे विद्यापीठ आज याच विषयावरच्या प्रबंधांना पदव्या देते. त्यांच्या गाण्यांतले निरीक्षण विलक्षण आहेच. पण ते निरीक्षण रोजच्या कष्टांतून आलेले होते, आणि कष्टांचे गुणगान करून त्या कष्टांची वाटणी बदलत नाही.

राखणीलाही एक दुसरी बाजू आहे. धुळे तालुक्यातल्या लामकानीने डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने पाणलोटाचे काम केले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, आणि डोंगरावर गवत परत आले. असे निर्णय ग्रामसभेत टाळ्यांनी होतात. पण कोणत्याही गावात चराईबंदी आली की आधी अडचण होते ती चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईची, आणि कुऱ्हाडबंदीचा भार सरपण आणणारीवर पडतो. गवत कापून नेण्याची मुभा, वाटणी, गोठ्यातला चारा यांची सोय आधी लावली तर बंदी टिकते. न लावली तर तीच बाई रात्री नियम मोडते, आणि ‘जाणीव कमी पडली’ असा शेरा तिच्या माथी येतो.

पाण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथली गोष्ट बहुतांशी पुरुषांची आहे. पांझरा-कान खोऱ्यातली फड पद्धत तीन-चारशे वर्षांची. बंधाऱ्यावरून पाट, पाटावर फड, एका फडात सर्वांचे एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. सामूहिक शिस्तीचा तो फार सुंदर नमुना आहे. पण हिस्सेदार म्हणजे जमीनमालक, म्हणून त्या व्यवस्थेत बाई दिसत नाही. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या कल्पनेतून नाले खोल-रुंद करून बंधारे झाले, विहिरींना पाणी आले, आणि हंड्याची पायपीट कमी झाली ती कुणाही बाईची जाणीव न वाढवता. अमळनेरसारख्या तालुक्यांत पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या वेळी बायकांनी पुरुषांच्या बरोबरीने श्रमदान केले. कारण उघड आहे: उन्हाळ्यात पाणी आणणारी तीच होती. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचा संच हाताळायला शिकवतात. कुपीत नमुना घ्यायचा, थेंब टाकायचे, उमटलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. माहिती देण्याचा हा प्रकार मला पोस्टरपेक्षा कितीतरी बरा वाटतो, कारण बाई स्वतः पुरावा तयार करते. नायट्रेट जास्त निघाले तर पुढे काय, तिच्या सांगण्यावरून ग्रामसेवक टाकीचा स्रोत बदलेल का, यावर मात्र सगळे अडते.

ज्ञान वाढल्यामुळे वर्तन पर्यावरणाच्या उलट गेल्याचीही उदाहरणे आहेत, आणि त्यांच्याकडे सगळेच डोळेझाक करतात. मासिक पाळीतल्या स्वच्छतेचा प्रसार गेल्या वीस वर्षांत जोरात झाला आणि तो व्हायलाच हवा होता. ८ मार्च २०१८ ला राज्याने अस्मिता योजना आणून पॅड स्वस्त केले, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ. सुती घडी धुऊन, लाजत अंधारात वाळवण्यापेक्षा मुलींना हे हजारपट बरे. पण त्या पॅडमध्ये प्लास्टिक आहे आणि गावात ते टाकायला उकिरडा, नाला किंवा चूल याशिवाय जागा नाही. कुणी यावरून मुलींना पर्यावरणाचे धडे देऊ लागला तर त्याला आधी विल्हेवाटीची सोय दाखवायला सांगावे.

प्लास्टिकबद्दल आणखी एक. मार्च २०१८ च्या बंदीनंतर गावोगाव बायकांना कापडी पिशव्यांची शपथ दिली गेली. त्याच गावात टरबूज-मिरचीखाली अंथरलेला मल्चिंग पेपर हंगाम संपला की बांधावर पेटवतात, आणि केळीच्या घडांवर चढवलेल्या पिशव्या तोडणीनंतर वाऱ्यावर उडतात. वजनाने पाहिले तर बाजारहाटाच्या पिशव्या त्यापुढे किरकोळ. केळीच्या मळ्यातली मजूर बाई त्या पिशव्या स्वतःच्या हाताने चढवते. नंतर त्या कुठे जातात, हे तिला कोणी विचारले तरी मालकाला सांगण्याची तिची प्राज्ञा नाही. रावेर-यावलकडे भूजल खोल गेले म्हणून पाणी वाचवण्याची व्याख्याने बचत गटात होतात. विहिरीच्या पंपाची कळ कोण दाबतो, हे त्या गटाला चांगले ठाऊक असते.

माहिती पोचवणाऱ्या यंत्रणा आता कमी नाहीत. उमेदचे बचत गट, महिला आर्थिक विकास महामंडळाची (माविम) केंद्रे, कृषी सखी, पशु सखी, आशा, अंगणवाडी, शाळेतून घोषणा पाठ करून येणारी पोरे, २०२० पासून माझी वसुंधरा अभियान. यातला बचत गट सर्वांत उपयोगी ठरतो, आणि तो कर्ज देतो म्हणून. गटाच्या कर्जातून घेतलेली गाय, तिच्या शेणाचे गांडूळखत, त्याच्या विक्रीचे पैसे बाईच्या हातात, अशी साखळी बसली की खताविषयीचे ज्ञान अंगवळणी पडते. नुसत्या ‘जनजागृती’साठी जमवलेल्या गटाची वही पुढच्या तपासणीपर्यंत कपाटात राहते.

तेव्हा पुढचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रश्नावलीत ‘झाडे तोडल्यामुळे पाऊस कमी होतो का’ हा प्रश्न हवा तर ठेवावा, पण त्याच्या आधी काही साधे प्रश्न घालावेत. सिलिंडर संपला तर नवा सांगायचा निर्णय कोण घेते? कीटकनाशक आणायला दुकानात कोण जाते? घरच्या जमिनीत तुम्ही ठरवाल ते पेरता येईल असा तुकडा किती? सरपण कोणाच्या शेतातून येते? सासू जवळ असताना एकदा आणि विहिरीवर किंवा निंदणीच्या ओळीत एकदा, असे दोनदा विचारावे. आणि घरी दोन हंगामांत जावे. प्रबंध जमा करायच्या घाईत बहुतेक पाहण्या दिवाळीनंतरच्या महिन्यांत उरकल्या जातात. तेव्हा कापसाचे पैसे नुकतेच आलेले असतात, सिलिंडर भरलेला असतो आणि खळ्यात पऱ्हाटीचा नवा ढीग उभा असतो. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन गेल्यावर, पेरणीसाठी बियाणे आणि खते उधारीवर आणलेली असतात आणि ढीग बुडाला टेकलेला असतो, तेव्हा त्याच घरी जाऊन तीच वही उघडावी.